शंख तगतो, पिल्लू गुदमरते

गोगलगाय म्हटली की आपल्या कपाळावर आठी पडते, आणि ते साहजिकच आहे. २०२२ च्या खरिपात मराठवाड्यात शंखी गोगलगाईंनी सोयाबीनची कोवळी रोपे फस्त केली आणि कित्येकांवर दुबार पेरणीची पाळी आली. पण आजची गोगलगाय शेतातली नाही, समुद्रातली आहे. तिला मारायचे कसे हे सांगायचे नसून तिची पिल्ले का मरतात हे सांगायचे आहे. आता तुम्ही म्हणाल, कृषी खात्याच्या माणसाला समुद्राच्या गोगलगाईचे काय पडले? पडले आहे, कारण तिच्या पिल्लांचा श्वास कोंडतो त्यामागे बऱ्याच ठिकाणी शेतातले खत, गोठ्यातले शेण-मूत आणि गावाचे सांडपाणी असते. म्हणजे विषय समुद्राचा असला तरी त्याचे एक टोक आपल्या बांधावर आहे.

पाण्यात प्राणवायू असतो तरी किती?

आपण श्वास घेतो त्या एक लिटर हवेत पावणेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास प्राणवायू असतो. आपल्याकडच्या कोमट समुद्राच्या एक लिटर पाण्यात, पाणी अगदी चांगले असले तरी, तो साडेसहा मिलिग्रॅमच्या जवळपासच असतो. म्हणजे हवेच्या मानाने चाळिसावा हिस्सा. पाण्यातला जीव पहिल्यापासूनच असा हातातोंडाशी गाठ घालून जगत असतो. हे प्रमाण लिटरला २ मिलिग्रॅमच्या खाली गेले की शास्त्रज्ञ त्या पाण्याला प्राणवायूच्या टंचाईचे पाणी म्हणतात. मासे तिथून पळ काढतात, आणि ज्यांना पळता येत नाही ते मरतात.

ही टंचाई येते कशी? जमिनीवरून वाहून गेलेले नत्र आणि स्फुरद खाडीत पोचते. जे खत भाताला लागू पडते ते पाण्यातल्या सूक्ष्म शेवाळालाही लागू पडते. शेवाळ माजते, पाणी हिरवे किंवा तांबूस दिसू लागते. काही दिवसांनी ते मरते आणि तळाशी बसते. तिथे जीवाणू ते कुजवतात. उकिरडा कुजताना जसा गरम होतो आणि आतली हवा संपते, तसेच तळाशी होते, कुजण्याच्या कामात प्राणवायू खर्ची पडतो. वरचे पाणी ऊन किंवा गोडे असेल तर ते हलके होऊन झाकणासारखे वर तरंगते आणि हवेतला प्राणवायू तळापर्यंत जाऊ देत नाही. वर सगळे ठीक दिसते, खाली मात्र जीव गुदमरतात.

मोठी गोगलगाय चिवट, पिल्लू नाजूक

समुद्री गोगलगाई आणि शंख हे प्राणी तसे चिवट. मासे आणि कोळंबी यांच्या मानाने मोठी गोगलगाय प्राणवायूची टंचाई पुष्कळ सहन करते. शंखात अंग ओढून घ्यायचे, दार लावायचे, हालचाल बंद करायची आणि अंगातल्या साठ्यावर काही काळ निभावून न्यायचे, हे तिला जमते. म्हणून किनाऱ्यावर फिरणाऱ्याला शंख दिसत राहतात आणि ‘सगळं बरं चाललंय’ असा समज होतो.

तिच्या बाळपणाचे तसे नाही. बऱ्याच समुद्री गोगलगाई आपली अंडी छोट्या पिशव्यांत किंवा चिकट गोळ्यात घालून तळाशी दगडाला, शिंपल्याला नाहीतर शेवाळाला चिकटवतात. तळ म्हणजे नेमकी तीच जागा जिथे प्राणवायू आधी संपतो. अंड्यांना उठून दुसरीकडे जाता येत नाही. पिशवीच्या भिंतीतून जेवढा प्राणवायू झिरपेल तेवढ्यावर आतल्या जिवांनी भागवायचे. चिकट गोळ्यात तर मध्यभागी असलेल्या अंड्यांची वाढ कडेच्या अंड्यांपेक्षा मागे पडते, हे अभ्यासकांनी पाहिले आहे. दाट पेरलेल्या तरव्यात मधले रोप जसे लुकडे राहते, तसाच प्रकार.

अंडे फुटले की पिल्लू बाहेर पडते. शास्त्रीय पुस्तकांत त्याला डिंभ म्हणतात, आपण पिल्लूच म्हणू. ते डोळ्याला जेमतेम ठिपक्याएवढे दिसते. त्याच्या डोक्याशी दोन पातळ पाळी असतात आणि त्यांच्या कडेला बारीक केसांची झालर असते. ही झालर हलवून ते पोहते आणि हीच झालर पाण्यातले सूक्ष्म शेवाळ तोंडाकडे ओढते. म्हणजे वल्हे तेच आणि घास भरवणारा हातही तोच. झालर सतत हलवायला ऊर्जा लागते आणि ऊर्जेला प्राणवायू लागतो. प्राणवायू कमी पडला की झालर मंदावते, पोहणे मंदावते आणि त्याबरोबर खाणेही. पिल्लू उपाशी राहते, वाढ लांबते. जितके दिवस ते पाण्यात तरंगत राहते, तितके दिवस लहान मासे आणि इतर भक्षक त्याला टिपत राहतात. जे खाली बुडते ते आणखी कमी प्राणवायूच्या पाण्यात जाते.

यातूनही जे वाचते त्याला शेवटी तळाशी उतरून पोहणारे पिल्लू सोडून रांगणारी गोगलगाय व्हायचे असते. अंगाची सगळी रचना बदलायची हा काळ. तेव्हाच तळाशी प्राणवायू नसेल तर उतरायचे कुठे?

हाँगकाँगची खाडी आणि तिथली गोगलगाय

या गोष्टी नुसत्या पुस्तकी नाहीत. चीनच्या दक्षिण किनाऱ्यावर हाँगकाँगला तोलो नावाची खाडी आहे. क्षेत्रफळ सुमारे ५० चौरस किलोमीटर, तिन्ही बाजूंनी जमीन, आणि समुद्राकडे जायला एकच अरुंद, लांब वाट. पाणी आत आले की लवकर बाहेर जात नाही. आपल्याकडे गाळाने तोंड अरुंद झालेली खाडी डोळ्यांपुढे आणा, म्हणजे कल्पना येईल.

१९७० च्या दशकापासून या खाडीच्या काठी शा टिन आणि ताई पो ही दोन नवी शहरे वसवण्यात आली. आज त्या दोन भागांची वस्ती दहा लाखांच्या आसपास आहे. भोवतालच्या खेड्यांत डुकरे आणि कोंबड्या पाळण्याचा मोठा धंदा होता आणि त्यांची घाण ओढ्यांतून सरळ खाडीत जायची. शहरांचे सांडपाणी, प्रक्रिया केलेले असले तरी, नत्र घेऊन त्याच खाडीत पडायचे. परिणाम व्हायचा तोच झाला. शेवाळ माजून पाणी तांबडे होण्याचे प्रकार वाढत गेले. १९८८ या एका वर्षात या एका खाडीत असे चाळीसहून अधिक प्रकार नोंदले गेले. उन्हाळ्यात तळाच्या पाण्यातला प्राणवायू कमी व्हायचा.

त्याच परिसराच्या वाळवंटी किनाऱ्यावर नॅसॅरियस फेस्टिव्हस नावाची एक छोटी गोगलगाय राहते. शंख बोटाच्या पेरापेक्षाही लहान. तिचे काम सफाई कामगाराचे. मेलेला मासा, खेकडा, शिंपला पडला की वासावर येऊन फडशा पाडते. अशा प्राण्याची कुणी दखल घेत नाही, पण तो नसला की किनाऱ्यावर घाण साठते.

हाँगकाँगच्या संशोधकांनी या गोगलगाईवर केलेले प्रयोग २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. मोठ्या गोगलगाई काही आठवडे कमी प्राणवायूच्या पाण्यात ठेवल्या तेव्हा त्यांचे खाणे कमी झाले, वाढ खुंटली आणि अंडी घालण्याचे प्रमाण घटले. म्हणजे टंचाईची पहिली झळ अंड्यांच्या संख्येलाच. मग अंड्यांवर आणि पिल्लांवर प्रयोग झाले. प्राणवायू जसा कमी केला तशी अंड्यातल्या जिवाची वाढ रेंगाळत गेली. अगदी कमी पातळीवर पिल्ले बाहेरच पडली नाहीत. टंचाईत जी बाहेर पडली त्यांची पोहण्याची पाळी लहान, शंख लहान आणि पोहण्याचा वेगही कमी भरला.

यातली एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. २ मिलिग्रॅम ही जी धोक्याची रेघ सर्रास धरली जाते, तिच्या पुष्कळ वर प्राणवायू असतानाच पिल्लांना त्रास सुरू झाला होता. मासे मरून तरंगू लागले की आपण बोंब मारतो, पण त्याच्या कितीतरी आधी पुढची पिढी मागे पडू लागलेली असते.

दुसरा एक प्रयोग हाँगकाँगमध्येच क्रेपिड्युला ओनिक्स या चपट्या गोगलगाईवर झाला आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात असे दिसले की पिल्लूपणी प्राणवायूची टंचाई भोगलेल्या गोगलगाई नंतर चांगल्या पाण्यात ठेवल्या तरी वाढीत मागेच राहिल्या. तुम्हाला हे वेगळे सांगायला नको. तरव्यात पिवळे पडलेले रोप चांगल्या खाचरात लावले, वर खत दिले, तरी ते जोमदार रोपाची बरोबरी करत नाही. वासराची पहिल्या महिन्यांत आबाळ झाली तर ती गाय पुढे किती दूध देते, हेही आपल्याला ठाऊक आहे.

खाडी सुधारली, पण कशाने?

हाँगकाँग सरकारने १९८७ मध्ये तोलो खाडीसाठी कृती आराखडा हाती घेतला. त्यात मुख्य गोष्टी दोन. एक, डुकरे-कोंबड्यांची घाण ओढ्यात सोडण्यावर टप्प्याटप्प्याने निर्बंध आणले. दुसरी, दोन्ही शहरांचे प्रक्रिया केलेले सांडपाणी खाडीत न सोडता बोगद्यातून दुसऱ्या बाजूला नेले. हे काम १९९८ पर्यंत पुरे झाले. खाडीत जाणारे नत्र खूप घटले आणि पाणी तांबडे होण्याचे प्रकारही पहिल्यापेक्षा बरेच कमी झाले. सांडपाणी एका खाडीतून काढून दुसरीकडे सोडणे हा काही आदर्श उपाय नव्हे, पण एक गोष्ट सिद्ध झाली. वरून येणारे नत्र अडवले की खाली फरक पडतो.

शेतातल्या खताचे उदाहरण पाहायचे तर मेक्सिकोच्या आखाताकडे पाहावे. अमेरिकेच्या मुख्य भूमीतल्या सुमारे ४० टक्के जमिनीचे पाणी मिसिसिपी नदीतून त्या आखाताला मिळते, आणि त्यात मक्याच्या पट्ट्यातले नत्र असते. तिथे १९८५ पासून जवळपास दर उन्हाळ्यात टंचाईचे क्षेत्र मोजतात. २०१७ मध्ये ते २२,७२० चौरस किलोमीटर भरले. रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे तिन्ही जिल्हे एकत्र केले तरी त्याहून कमीच होतात. हे क्षेत्र पाच वर्षांच्या सरासरीने ५,००० चौरस किलोमीटरच्या आत आणायचे असे २००१ मध्ये ठरले. मुदत २०१५ ची होती, ती पुढे २०३५ केली. शेतावरून निसटलेले खत समुद्रात गेल्यावर परत आणता येत नाही, ही त्यातली मेख.

काळ्या समुद्राची हकीकत उलटी आहे. डॅन्यूब नदीच्या मुखापाशी १९७० च्या दशकापासून टंचाईचे क्षेत्र वाढत गेले आणि १९९० च्या सुमारास सुमारे ४०,००० चौरस किलोमीटरपर्यंत पोचले. पुढे त्या भागातल्या राजवटी कोसळल्या, खतांवरची सरकारी मदत बंद झाली, वापर एकदम घसरला आणि काही वर्षांतच टंचाई ओसरू लागली. शेती कोलमडून समुद्र सुधारावा असे कुणीच म्हणणार नाही. पण नत्र आणि प्राणवायू यांचे नाते त्यातून दिसले.

आपला किनारा

आता आपल्या घराकडे येऊ. आपल्या पश्चिम किनाऱ्याचे एक वैशिष्ट्य आहे. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात अरबी समुद्राच्या खोल भागातले, मुळातच प्राणवायू कमी असलेले पाणी वर चढून किनाऱ्याकडे येते. वरून पावसाचे आणि नद्यांचे गोडे पाणी झाकणासारखे पसरते. त्यामुळे पावसाळ्याच्या उत्तरार्धात, साधारण ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत, तळाच्या पाण्यात प्राणवायूची मोठी टंचाई होते आणि हिवाळा लागला की ती ओसरते. गोव्यात दोना पावला येथे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. तिच्या शास्त्रज्ञांनी याचा अभ्यास कैक वर्षे केला आहे. १९९९ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये किनाऱ्याजवळच्या तळाच्या पाण्यात कुजक्या अंड्यांसारखा वास येणारा हायड्रोजन सल्फाइड वायूही त्यांना आढळला. प्राणवायू पुरता संपल्यावरच हा वायू तयार होतो.

हा मूळ निसर्गाचा क्रम आहे, शेतकऱ्याने केलेला नाही, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. जमिनीवरून येणाऱ्या नत्राने त्यात किती भर पडते यावर शास्त्रज्ञांत एकमत नाही. पण साधा हिशेब असा की ज्या किनाऱ्यावर निसर्गच दरवर्षी प्राणवायूला ओढ लावतो, तिथे वरून आणखी ओझे टाकणे शहाणपणाचे नाही. उघड्या समुद्राला भरती-ओहोटीचा आणि वाऱ्याचा आधार असतो. अरुंद तोंडाच्या खाडीला तो कमी मिळतो. तिसऱ्या, कालवे आणि खेकडे यांवर पोट असलेली माणसे त्याच खाडीकाठी राहतात, आणि तिसऱ्या-कालवांची पिल्लेही गोगलगाईच्या पिल्लासारखीच झालरीने पोहत मोठी होतात.

आपण काय करावे?

खत टाकू नका असे मी सांगणार नाही. पीक घ्यायचे तर नत्र लागणारच. पण ४५ किलोच्या युरियाच्या गोणीत सुमारे २०.७ किलो नत्र असते आणि भाताच्या भरल्या खाचरात युरिया नुसता फेकला तर त्यातला जेमतेम ३० ते ४० टक्के भाग पिकाला मिळतो. बाकीचा काही हवेत जातो, काही मातीत राहतो आणि काही पाण्याबरोबर वहाळात जातो. जो वहाळात गेला त्याचे पैसे आपण मोजलेले असतात. म्हणून समुद्रासाठी नाही, तर निदान आपल्या खिशासाठी पुढील गोष्टी कराव्यात.

१) भात लावणीत युरिया-डीएपीच्या गोळ्या (ब्रिकेट) वापराव्यात. चारसूत्री पद्धतीत चार चुडांच्या चौकोनाच्या मध्ये २.७ ग्रॅमची एक गोळी ७ ते १० सेंटिमीटर खोल, लावणीच्याच दिवशी खोचायची असते. गुंठ्याला साधारण ६२५ गोळ्या, म्हणजे पावणेदोन किलोच्या आत खत लागते. नत्र चिखलात मुळाशी राहते, वरच्या पाण्यात उतरत नाही.

२) गोळ्या मिळाल्या नाहीत तर युरिया एकदम न देता हप्त्यांनी द्यावा. देण्यापूर्वी खाचरातले पाणी कमी करावे, बांधाची तोंडे बंद ठेवावीत. मोठ्या पावसाचा अंदाज असेल त्या दिवशी खत फेकू नये. वहाळातून खत वाहून गेले की ते पैसे पाण्यातच गेले.

३) माती परीक्षण करून मगच मात्रा ठरवावी. शेजाऱ्याने दोन गोण्या टाकल्या म्हणून आपणही टाकायच्या, ही रीत सोडावी.

४) शेणाचा खड्डा आणि उकिरडा वहाळाच्या काठावर नसावा. खड्ड्याला बांध घालावा आणि पावसाळ्यात वर आच्छादन करावे. शेणाचे पाणी वाहून गेले की खतातला कसच गेला. कुक्कुटपालन करणाऱ्यांनी कोंबडीखत उघड्यावर ढीग मारून ठेवू नये.

५) वहाळाच्या कडेला गवत, बांबू, गिरिपुष्प यांचा हिरवा पट्टा ठेवावा. वाहून जाणारी माती आणि खत त्यात अडते. गिरिपुष्पाचा पाला भाताला हिरवळीचे खत म्हणूनही उपयोगी पडतो.

सरपंच, सदस्य आणि ग्रामपंचायतीच्या अधिकाऱ्यांना दोन शब्द. गावाचे गटार शेवटी कुठे सुटते ते एकदा स्वतः चालत जाऊन पाहावे. ते थेट वहाळात किंवा खाडीत सुटत असेल तर घरोघरचे शोषखड्डे, परसबागा आणि सामाईक शोषखड्डा यांची कामे गावाच्या विकास आराखड्यात धरावीत. खाडीकाठच्या गावांनी आणखी एक करावे. पाणी एकाएकी हिरवे किंवा तांबूस झाले, खेकडे काठावर चढू लागले किंवा मासे पृष्ठभागावर येऊन तोंडे उघडू लागले, तर तारीख आणि जागा लिहून ठेवावी आणि मत्स्यव्यवसाय विभागाला कळवावे. कोळी बांधवांना हे आधी दिसते. त्यांचे म्हणणे ग्रामसभेत ऐकून घ्यावे.

शेवटी एवढेच की, पाण्याची तब्येत मोठ्या शंखावरून ठरवू नका. शंख तग धरतो, कारण तो दार लावून बसू शकतो. त्याच्या पिल्लाला तसा तग धरता येत नाही. आपण शेतात उभ्या पिकाकडे बघण्याआधी तरवा बघतो, गोठ्यात दुभत्या जनावराइतकीच वासराची काळजी घेतो. खाडीच्या बाबतीतही तीच नजर ठेवली आणि वहाळात जाणारे खत-घाण आपापल्या हद्दीत अडवले, तर खर्च वाचेल तो आपलाच, आणि खाडीकाठच्या माणसाचे पोटही चालेल.